पहिल्या सफरीचे ओझे

प्रवास हा मनुष्याचा मोठा गुरू आहे, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु या गुरूचा पहिला पाठ परमुलखात नव्हे, तर निघण्याच्या आदल्या रात्री आपल्याच घरी, उघड्या पेटीपुढे बसून घ्यावा लागतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. गेल्या जूनच्या आरंभी आम्ही मातोश्रींसह केनिया देशी जाऊन आलो. शाळा सुरू होताच विद्यार्थ्यांनी प्रश्नांची झोड उठविली. किती सिंह पाहिले, हत्ती किती जवळ आला, असे ते प्रश्न होते. एका लहान मुलीने मात्र विचारले, "सर, बरोबर काय काय नेले होते?" इतर मुले हसली, आम्ही हसलो नाही. कारण साऱ्या प्रश्नांत हाच प्रश्न शहाणपणाचा होता आणि त्याचे उत्तर देताना आम्हांस थोडे ओशाळवाणे वाटले.

'सफारी' हा शब्द आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेतला. त्याचा अर्थ केवळ 'प्रवास'. तो मूळच्या अरबी शब्दावरून आला आणि आपली मराठी 'सफर'ही त्याच मुळाची. म्हणजे शब्द आपल्या ओळखीचा. पण त्याच्या तयारीविषयी आमच्या मनात ज्या कल्पना होत्या त्या सर्व चित्रपटांतून आणि दुकानांच्या जाहिरातींतून आलेल्या. नवीन पनवेलच्या आमच्या बिऱ्हाडी पंधरा दिवस आधीपासून सल्लागारांची रीघ लागली. कोणी म्हणे जाड बूट घ्या, कोणी म्हणे दहा खिशांचे जाकीट घ्या, कोणी म्हणे तिकडे आपले अन्न मिळत नाही, तेव्हा भाजणी, मेतकूट आणि लहानसा कुकरही असू द्या. आम्ही एक भली थोरली टणक पेटी विकत आणली. ती भरली, तेव्हा दुसरी आणली. मातोश्रींचे म्हणणे एकच, "असू दे रे, परक्या मुलखात ऐन वेळी कोण देणार आहे?"

मातोश्रींचा हा युक्तिवाद आपल्या घरोघरी चालतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. ज्यांनी टंचाईचे दिवस पाहिले, त्यांना भरलेली पेटी म्हणजे धीर वाटतो. तथापि आमचे मत आता निश्चित झाले आहे ते असे, की सफरीची तयारी म्हणजे वस्तू गोळा करणे नव्हे, तर वस्तू वगळणे होय. आणि ज्या चार गोष्टी वगळता येत नाहीत, त्या पेटीत न ठेवता अंगाजवळ ठेवणे होय.

हे मत आमच्या अनुभवाआधी आम्हांस इतिहासातून शिकता आले असते. पूर्व आफ्रिकेतील एका थोर सफरीची तयारी याच आपल्या मुंबईत झाली होती. डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हे १८६४ साली आपली लहानशी आगबोट स्वतः हाकीत झांजीबारहून मुंबईस आले. १८६६ च्या जानेवारीत ते येथून अखेरच्या शोधप्रवासास निघाले. त्यांच्यासोबत मुंबईचे शिपाई होते, नाशिकजवळील शरणपूरच्या मिशन वसाहतीत वाढलेले व गुलामगिरीतून सुटलेले नऊ आफ्रिकी तरुण होते, आणि चुमा हा मुलगा होता, ज्याने मधल्या काळात मुंबईस डॉ. विल्सन यांच्या शाळेत विद्या घेतली होती. बरोबर सहा उंट, शिवाय म्हशी, खेचरे व गाढवेही होती. त्सेत्से नावाच्या माशीच्या दंशाने आफ्रिकेत गुरे मरतात. आपल्याकडील जनावरे त्यात टिकतात काय, हे पाहण्याचाही हेतू होता.

ही मोठी तयारी किती टिकली? अवजड ओझे आणि शिपायांची हेळसांड यांनी जनावरे काही महिन्यांतच एकामागून एक गेली, आणि त्याच वर्षी शिपायांनाही परत धाडावे लागले. पुढे १८६७ च्या जानेवारीत दोघे हमाल सामान घेऊन पळाले. त्या सामानात औषधांची पेटी होती. हिवतापावरील सारे क्विनाइन त्या पेटीत होते. कापड गेले, भांडी गेली, त्याचे त्या पुरुषाला दुःख झाले नाही. परंतु औषधाची पेटी गेली, तेव्हा आपल्याला मृत्युदंडच फर्मावला गेला, असे त्यांस वाटले, आणि तशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली. पुढील सहा वर्षे त्यांचे शरीर आजाराने खंगत गेले.

१८७३ च्या मे महिन्यात चितांबो नावाच्या गावी त्यांचा अंत झाला. त्या वेळी सोबत्यांनी प्रथम काय केले? सर्वांना एकत्र बोलावून, सर्वांसमक्ष पेट्या उघडून, आतल्या वस्तूंची यादी केली. ही यादी लिहिणारा जेकब वेनराइट हा शरणपूरला शिकलेला तरुण होता. मग चुमा, सुसी, जेकब आदी सोबत्यांनी ते शव व ती कागदपत्रे शेकडो कोस वाहून १८७४ च्या फेब्रुवारीत समुद्रकाठी बागामोयोस पोचविली. काय टाकावे आणि काय प्राण गेला तरी टाकू नये, याचा विवेक या माणसांना होता. नाशिकच्या मातीत अक्षर गिरविलेल्या तरुणाच्या हातची ती यादी आम्ही पेटी भरण्यापूर्वी आठवावयास हवी होती.

आम्ही ती आठवली नाही, आणि त्याचे फळ तत्काळ मिळाले. मातोश्रींचे वय सत्तरीच्या घरात. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांना नित्य लागतात. 'हातातली पिशवी हलकी राहू दे' म्हणून त्या गोळ्या आम्हीच मोठ्या पेटीत टाकल्या. मुंबईहून नैरोबी विमानाने अवघ्या सहा तासांवर. आम्ही पोचलो, पेटी पोचली नाही. कनिष्ठ बंधू नोकरीनिमित्त तेथे असतात, ते आम्हांस घेऊन औषधांच्या दुकानी गेले. दुकानदार सभ्य गृहस्थ. पण आम्ही सांगितलेले गोळीचे नाव हे भारतातील कारखान्याचे व्यापारी नाव, ते त्यांच्या गावीही नव्हते. "आतील मूळ द्रव्याचे नाव सांगा," असे ते म्हणत, आणि ते आम्हांस ठाऊक नव्हते. विज्ञान शिकविणाऱ्या शाळेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला आपल्या आईच्या औषधाचे नाव सांगता येऊ नये, यापरती लाज ती कोणती? मातोश्रींच्या दोन वेळच्या गोळ्या चुकल्या, त्यांना घेरी येऊ लागली. नैरोबीस रात्रीचे आठ वाजले होते. म्हणजे पनवेलला साडेदहा. तेथून आमच्या डॉक्टरांना झोपेतून उठविले, त्यांनी द्रव्य व प्रमाण कळविले आणि औषध मिळाले. खाटेवर निजलेल्या मातोश्री एवढेच म्हणाल्या, "कुकर आणलास, आणि गोळ्या?" पेटी दोन दिवसांनी आली. ती हरविणाऱ्यांना दोष देण्याची आम्हांस इच्छा नाही. ती भरणाऱ्याचा दोष मोठा होता.

आता जे पुढे जातील त्यांच्यासाठी आम्ही आपली यादी देतो.

पहिले अंगाजवळ ठेवावयाचे. पारपत्र, केनियाची आगाऊ घेतलेली प्रवेश-परवानगी, औषधे, आणि त्या औषधांची डॉक्टरांच्या सहीची, मूळ द्रव्यांच्या नावांची चिठ्ठी. त्यांसोबत पीतज्वराच्या लसीचा दाखला. ही लस वाटेल त्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रातच मिळते. आम्हां पनवेलकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागली. दाखला लस टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. २०१६ पासून तो जन्मभर ग्राह्य धरला जातो. दाखल्यावाचून केनियाहून परतणाऱ्यास आपलेच सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते. साठीपुढील माणसांना ही लस क्वचित बाधते, म्हणून मातोश्रींच्या बाबतीत आम्ही आधी डॉक्टरांचा विचार घेतला. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वीच सुरू कराव्या लागतात. त्याही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

दुसरे कपडे. आफ्रिका म्हणजे ऊन, अशी आमची समजूत. वस्तुतः नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे सतराशे मीटर उंच, म्हणजे आपल्या माथेरानच्या दुपटीहून अधिक. आणि मसाई मारा हा प्रदेशही दीड हजार मीटरांच्या वरचा. पहाटे उघड्या छताच्या गाडीत वारा अंगाला झोंबतो. पनवेलच्या माणसाचा स्वेटर ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांत पडलेला असतो; तो बाहेर काढावा. एका जाड कपड्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे तीन पातळ बरे, कारण दहा वाजता ते एकेक उतरवावे लागतात. रंग मातकट असावेत. गडद निळा व काळा हे रंग त्सेत्से माशीला ओढून घेतात, तिचे सापळेही त्याच रंगांच्या कापडाचे करतात. लष्करी ठिपक्यांचे कपडे तर घेऊच नयेत. आफ्रिकेतील काही देशांत सामान्य माणसास त्यांची मनाई आहे. दहा खिशांच्या जाकिटाविषयी इतकेच सांगतो, की त्यातील आठ खिसे आम्ही रिकामेच परत आणले.

तिसरी पेटी. नैरोबीहून लहान विमानाने अरण्यात जाणाऱ्यास हातातील पिशवीसह साधारण पंधरा किलोच सामान नेता येते, आणि तेही मऊ पिशवीत. आम्ही मोटारीने गेलो, तरी आमची टणक पेटी आसनामागे बसेना. ती बंधूंच्या घरी राहिली, तिने आफ्रिकेत एकही सिंह पाहिला नाही. तिच्यातील कुकर, तीन जोड बूट आणि भाजणी यांवाचून आमचे काहीच अडले नाही. तेथे चपाती मिळते आणि तिला चपातीच म्हणतात. चहास 'चाय', पैशास 'पेसा', दुकानास 'दुका', गाडीस 'गारी' म्हणणाऱ्या मुलखात महाराष्ट्रीय माणूस उपाशी कसा मरेल?

चौथी गोष्ट पिशव्यांची. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, आणि ती कडकपणे पाळली जाते. आमच्या घरी तर चकल्यांपासून चपलांपर्यंत सर्व काही प्लॅस्टिकमध्ये बांधलेले! हे कळल्यावर मातोश्रींनी एका रात्रीत जुन्या लुगड्याच्या बारा पिशव्या शिवल्या. साऱ्या तयारीतील हीच एक गोष्ट निर्दोष झाली. परंतु मनात आले, आपल्या महाराष्ट्रातही २०१८ सालापासून अशी बंदी आहेच. मग लुगड्याच्या पिशव्या शिवण्यास परदेशचा धाक का लागावा?

पाचवी वस्तू दुर्बीण. कॅमेरा एक पुरे. दुर्बीण मात्र माणशी एक असावी. एकच दुर्बीण चौघांत फिरू लागली, की ती तिसऱ्याच्या हाती येईतो बिबट्या गवतात गेलेला असतो. आठपट मोठे दाखविणारी, हातात न थरथरणारी, साधी दुर्बीण उत्तम. बाकी धुळीसाठी मोठा रुमाल, आणि तेथील चौकोनी छिद्रांत बसेल असा एक जोडप्लग, बस.

इतके सांगितले तरी खरी तयारी उरतेच, आणि ती कोणत्याही पिशवीत मावत नाही. मारात एका सिंहिणीभोवती सात गाड्या उभ्या होत्या. इतर गाड्यांत शांतता होती. एका गाडीतून मात्र आपल्याच देशातील आरोळ्या व टाळ्या ऐकू येत होत्या. सिंहीण उठून चालती झाली. तसेच तांबडी शाल पांघरलेल्या मसाई गुराख्यांपुढे न विचारता कॅमेरे रोखणारेही आम्ही पाहिले. माणूस म्हणजे प्रेक्षणीय पशू नव्हे. त्याची अनुमती मागावी, तेथील स्वाहिली भाषेतील 'जांबो' आणि 'असांते', म्हणजे नमस्कार आणि आभार, एवढे दोन शब्द तरी शिकून जावे. ज्या रायगड जिल्ह्यात आपण राहतो, त्याच जिल्ह्यातील जंजिऱ्यावर आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी १९४८ पर्यंत राज्य केले. आफ्रिका आपल्याला इतकी परकी नाही, की तिच्या लेकरांशी कसे वागावे हे आपणांस कळू नये.

ही मौनाची आणि अदबीची तयारी कोठे करावी? त्यासाठी विमान नको. आपल्या पनवेलपासून दहा-बारा किलोमीटरांवर कर्नाळा आहे. १९६८ पासून ते पक्ष्यांचे अभयारण्य आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी एक दिवस पहाटे तेथे जावे. पाठीवर एकच कापडी पिशवी, तीत पाणी, भाकरी, वही व पेन्सिल. झाडाखाली एक तासभर न बोलता बसावे आणि जे दिसेल ते लिहावे. ज्याला हा एक तास जमला, तो उद्या मसाई मारा पाहण्यास लायक झाला. ज्याला जमला नाही, त्याने कितीही महाग बूट घेतले तरी तो आपले घरच पाठीवर घेऊन जाईल आणि आपले घरच पाहून परत येईल.

मातोश्री आता बऱ्या आहेत. त्यांच्या औषधातील मूळ द्रव्याचे नाव आम्ही त्यांच्याकडून पाठ करून घेतले आहे. आमच्या खिशातील चिठ्ठीवर तर ते आहेच. लुगड्याच्या पिशव्या घेऊन त्या रोज बाजारात जातात. ती भली थोरली पेटी माळ्यावर पडून आहे. कोणा होतकरू प्रवाशाला हवी असल्यास आम्ही ती आनंदाने देऊ. पण त्याने ती का मागितली, हे आधी विचारल्यावाचून राहणार नाही.