अमान्य केलंत, ते का?

मा. मंत्री, आदिवासी विकास, महाराष्ट्र राज्य यांस,

अर्ज, स्मरणपत्रे, निवेदने सगळी आपल्या दप्तरी सुखरूप असतील. त्यामुळे नव्याने ओळख करून देत नाही.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळलेल्यांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला. त्यात महाराष्ट्राचा आकडा होता २२,५०९ दावे: १३,७१२ आदिवासींचे, ८,७९७ इतर पारंपरिक वननिवासींचे. देशभरात ११ लाखांवर. २८ फेब्रुवारीला स्थगिती मिळाली आणि न्यायालयाने राज्यांना विचारले, फेटाळताना पद्धत पाळली होती का? आम्ही तरी दुसरे काय विचारत होतो?

दाव्यावरचा ग्रामसभेचा ठराव फिरवायचा तर सविस्तर कारणे लिहायची, त्याची प्रत दावेदाराला द्यायची, असा नियम आहे. अपिलाला ६० दिवस. आमच्या हाती आला तो यादीतला एक शब्द: अमान्य. साठ दिवस मोजायचे कुठून? अपिलात खोडायचे काय? न्यायालयाने शासनाचा निर्णय तपासावा म्हटले, तरी तपासायला कागदावर कारण तर हवे. ते न लिहिणे ही गफलत आहे की सोय, आपणच सांगा.

पुराव्यांचेही तेच. वनखात्याच्या गार्डने फाडलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या जोडल्या, म्हाताऱ्यांचे जबाब जोडले; वनहक्क नियमांतल्या नियम १३ मध्ये हे पुरावे चालतात. पण उपग्रहाला उतारावरचा नाचणीचा तुकडा दिसला नाही, म्हणून तो नव्हताच! उपग्रहाचे चित्र पूरक आहे, इतर पुराव्यांना पर्याय नाही, हे त्या नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीत लिहिलेले आहे. गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये यावरूनच सरकारचे कान उपटले होते. एवढे जवळचे राज्य, बातमी पोचायला हरकत नव्हती.

मार्च २०१८ मध्ये हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत आले. सहा महिन्यांत दावे निकाली काढतो, असा शब्द शासनाने दिला. २०२३ च्या मार्चमध्ये माणसे पुन्हा रस्त्यावर होती, मागण्यांत वनहक्क पुन्हा होताच.

म्हणून मागणी एकच. फेटाळलेला प्रत्येक दावा पुन्हा उघडा, ग्रामसभेसमोर तपासा, आणि नाकारायचाच असेल तर कारण मराठीत लिहून, सहीनिशी, दावेदाराच्या हातात द्या. तोवर कुणाच्या शेतात जेसीबी घालू नका. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. हे आमचे म्हणणे नाही, वनहक्क कायद्याचे कलम ४(५) आहे.

ग्रामस्तरीय वनहक्क समितीचा एक सदस्य