वाचावयास वेळ कोणाला?

विश्वविद्यालयांतील मुलगी कथा-कादंबऱ्या वाचते आणि मुलगा परीक्षेपुरतें वाचतो, असें सर्वत्र बोललें जातें. आणि हा निसर्गाचाच नेम आहे, असें म्हणून पुष्कळ गृहस्थ निश्चिंत होतात. आम्हांस हें मान्य नाहीं.

१८७३ सालीं रमाबाई लग्न होऊन रानड्यांच्या घरीं आल्या. पतीनें त्यांस शिकविण्यास आरंभ करतांच घरांतील वडील बायकांनींच त्यांचा छळ मांडला. ग्रंथवाचन हें पुरुषाचें काम, बाईचें नव्हे, अशी तेव्हां समजूत होती. २०१८ सालच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय परीक्षेंत सभासद देशांतील पंधरा वर्षांच्या मुली वाचनांत मुलांहून सरासरीनें ३० गुणांनीं पुढें होत्या. दीडशें वर्षांच्या आंत निसर्ग पालटला काय? निसर्ग नव्हे, संधि पालटली.

ती संधि आमच्या देशांत अद्याप अपुरी आहे. २०२१-२२ च्या सरकारी पाहणींत उच्च शिक्षण घेणाऱ्या ४.३३ कोटि विद्यार्थ्यांत २.०७ कोटि स्त्रिया होत्या. संख्या जवळजवळ समान झाली. वेळ मात्र समान झाला नाहीं. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें घरकाम करणाऱ्या स्त्रीचीं त्यांत दिवसास २९९ मिनिटें जात होतीं, पुरुषाचीं ९७. वसतिगृहाची गोष्ट वेगळी नाहीं. मुलींस मुलांपेक्षां आधीं कोंडणाऱ्या नियमांविरुद्ध दिल्लीच्या विद्यार्थिनींस २०१५ सालीं 'पिंजरा तोड' ही चळवळ उभारावी लागली. ग्रंथालय उघडें, पण वाचकिणीचें दार बंद, ही कसली व्यवस्था?

मुलाचेंही नुकसान लहान नाहीं. "ह्यानें नोकरी लागेल काय?" ह्या एकाच प्रश्नानें आपण त्याच्या हातांतील कादंबरी काढून घेतों. परक्याचें मन जाणण्याची संवय ज्यास लागली नाहीं, तो उद्यां पति, शेठ किंवा अधिकारी होऊन कोणाचें दुःख ओळखणार?

व्यापारी बंधूंस हिशेब शिकविण्याची आवश्यकता नाहीं. मुलीच्या शुल्काची रक्कम खर्ची टाकावयाची आणि तिचा वाचनाचा तास चुलीशीं गमवावयाचा, हा व्यवहार तोट्याचा आहे. म्हणून ग्रंथालयें रात्रीं दोघांसही उघडीं असावींत, परतण्याची वाट निर्भय असावी, आणि घरीं संध्याकाळचीं भांडीं मुलानेंही घांसावींत. मग कोणाची आवड कोणती, तें खुशाल मोजा. तोंवर निसर्गास दोष देणें सोडावें, हेंच आमचें सांगणें आहे.