मांस साक्ष देतं, पण अर्धीच



गणपतीच्या पॉटलकमध्ये नवी ओळख झाली की "तुम्ही काय करता?" हा प्रश्न येतोच. कुणी डेटाबेस म्हणतं, कुणी कार्डिऑलॉजी, आणि मग माझी पाळी येते. "मी डुकराच्या मांसातून किती पाणी गळतं ते मोजते," असं मी खरं खरं सांगून टाकते. काही जण हसतात, तर काही जण ताट सांभाळत हळूच दुसऱ्या टेबलाकडे सरकतात. मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात मी स्नायूंमधल्या प्रथिनांवर संशोधन करते, डॉक्टरेटही त्याच विषयात केली. आज मला त्या गळणाऱ्या पाण्याबद्दल आणि ते ज्या ट्रकमुळे गळतं त्या ट्रकबद्दल लिहायचं आहे.

तो ट्रक तुम्हीही पाहिला असेल. आयोवातून आय-८० ने जाताना शेजारून ॲल्युमिनियमचा लांबलचक ट्रेलर जातो. त्याच्या भोकांमधून गुलाबी नाकं बाहेर आलेली असतात. आपण काच वर करतो आणि लेन बदलतो. आत साधारण १७० डुकरं असतात. प्रत्येकाचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास आणि वाट्याला आलेली जागा चार ते पाच चौरस फूट. अमेरिकेत वर्षाला १२ ते १३ कोटी डुकरं कापली जातात आणि जवळजवळ प्रत्येकाचा शेवटचा प्रवास असा होतो.

आता थोडं विज्ञान, स्वयंपाकघरातल्या भाषेत. कोमट दुधाला विरजण लावलं की ते रात्रभर हळूहळू आंबट होतं, घट्ट दही लागतं आणि पाणी आतच राहतं. तेच दूध उकळत असताना त्यात लिंबू पिळलं तर ते क्षणात फाटतं, चोथा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे. आम्ल दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी आम्ल आणि उष्णता एकदम आली.

मांसाचंही असंच असतं. जनावर मेल्यावर स्नायूंमधल्या ग्लायकोजेनचं लॅक्टिक आम्ल होत जातं. पीएच सातच्या आसपास असतो, तो काही तासांत हळूहळू साडेपाचच्या थोडा वर येऊन थांबतो. तोवर मांस थंड झालेलं असतं. पण कापण्याच्या आधीच्या काही मिनिटांत डुक्कर घाबरलं, धावलं, विजेच्या काठीने टोचलं गेलं, तर हेच आम्ल भराभर तयार होतं. शरीर अजून चाळीसेक अंश गरम असतानाच पीएच कोसळतो आणि प्रथिनं फाटलेल्या दुधासारखी होतात. असं मांस फिकट, मऊ आणि पाणी सुटलेलं असतं. व्यवसायात त्याला पीएसई म्हणतात. याउलट डुक्कर कित्येक तास उपाशी, उभं, भांडत किंवा गारठत आलं असेल तर ग्लायकोजेन वाटेतच संपतं, मागे आम्ल व्हायला काही उरत नाही. मग मांस गडद, घट्ट, कोरडं होतं आणि लवकर नासतं. त्याला डीएफडी म्हणतात. सुपरमार्केटमध्ये पोर्क चॉपच्या ट्रेखाली कधी कधी गुलाबी पाण्याचं तळं साचलेलं दिसतं. त्यातला काही भाग ही भीतीची नोंद असू शकते.

ट्रकमध्ये नेमकं काय होतं? डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही. चिखलात लोळणं हीच त्याची वातानुकूलन यंत्रणा, आणि ट्रेलरमध्ये चिखल नसतो. ट्रक चालता असेपर्यंत भोकांतून वारा येतो. तो रांगेत उभा राहिला की आतलं तापमान चढू लागतं. जन्मभर सपाट जमिनीवर राहिलेल्या जनावराला उभा रॅम्प चढणं जड जातं, म्हणून सगळ्या प्रवासात चढवण्या-उतरवण्याची वेळ सर्वांत त्रासाची ठरते. अनोळखी कळप एकत्र केले की डुकरं एकमेकांना फाडतात. अमेरिकेत कत्तलखान्यात पोचेपर्यंत हजारी दोनाहून अधिक डुकरं मरतात. जिवंत पोचलेल्यांपैकी हजारी आणखी चारेक स्वतःच्या पायांवर चालू शकत नाहीत. प्रमाण म्हणून हे किरकोळ वाटतं. वर सांगितलेल्या एकूण संख्येला त्याने गुणा. नुसती मेलेलीच वर्षाला अडीच लाखांच्या घरात जातात.

आमच्या क्षेत्रात यावर एक लाडकं उत्तर आहे, आणि बरीच वर्षं ते माझंही होतं: "जनावराचं भलं आणि धंद्याचं भलं एकच आहे. घाबरलेलं डुक्कर म्हणजे वाईट मांस, वाईट मांस म्हणजे तोटा. तेव्हा बाजारच सुधारणा करेल." हे उत्तर खोटं नाही. १९९१ मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी डुकराच्या एका जनुकातला एकाच अक्षराचा बदल शोधला. तो असलेली डुकरं थोड्याशा ताणाने कोसळून मरायची आणि उरलेल्यांचं मांस पाणी सोडायचं. डीएनए चाचणी हाती येताच पैदास करणाऱ्यांनी तो दोष कळपांतून झपाट्याने काढून टाकला, कारण त्यात पैसे बुडत होते. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या टेंपल ग्रँडिन यांनी कत्तलखान्यांना मोजायला शिकवलं: किती जनावरं घसरली, किती ओरडली, किती वेळा विजेची काठी वापरली. १९९९ पासून मॅकडोनाल्ड्ससारख्या मोठ्या गिऱ्हाइकाने या मोजण्या सक्तीच्या केल्यावर कत्तलखाने बदलले. चालकांसाठी प्रशिक्षण आलं. डुकरं पाच-सहाच्या गटाने चढवावीत, उन्हाळ्यात पाणी फवारावं, हिवाळ्यात भोकांवर फळ्या आणि खाली भुसा घालावा, उतरल्यावर दोन-तीन तास विश्रांती द्यावी, ही त्यातली शहाणपणाची सूत्रं.

मग माझं मत का बदललं? काही वर्षांपूर्वी एका जुलैत नमुने घ्यायला मी एका कत्तलखान्यात गेले होते. बाहेर ट्रकची रांग लागली होती. त्यातला एक ट्रक दोन तास उन्हात उभा होता. तोंड उघडून धापा टाकणारी, अंगावर लाल चट्टे उठलेली, थरथरणारी डुकरं मी भोकांमधून पाहिली. नंतर ती उतरवली गेली. फवारे सोडले, तीन तास विश्रांती दिली आणि मग कापली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी त्याच लॉटचं मांस मोजलं. पीएच उत्तम, रंग उत्तम, पाणी गळणं अगदी कमी. माझ्या वहीत त्या दोन तासांची कसलीही खूण नव्हती.

मांस साक्ष देतं, पण अर्धीच, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटच्या काही मिनिटांची भीती त्याला आठवते, खूप लांबलेले हाल आठवतात. मधलं बरंच काही ते विसरतं. विश्रांती द्यायलाच हवी, पण ती पुरावाही पुसते. बाजार जितका तोटा दिसतो तितकंच दुःख मोजतो. ट्रेलरमध्ये एक डुक्कर जास्त कोंबलं तर भाडं वाचतं. त्या बचतीपेक्षा मेलेल्या डुकरांचा तोटा कमी असेल, तर हिशेब कोंबण्याच्या बाजूने लागतो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे वीण संपलेल्या माद्या. तरण्या डुकराचं मांस चॉप म्हणून विकलं जातं, तिथे रंग आणि पाणी यांना किंमत असते. बहुतेक तरण्या डुकरांचा प्रवासही काही तासांतच संपतो. म्हाताऱ्या मादीचं मांस दळून सॉसेजमध्ये जातं, तिथे पाणी गळलं काय नि न गळलं काय. शिवाय माद्या घेणारे कत्तलखाने मोजकेच आहेत. म्हणून लंगडणाऱ्या, अशक्त माद्या एका बाजारातून दुसऱ्या बाजारात चढत-उतरत कितीतरी लांबचा प्रवास करतात. ज्या जनावराला काळजीची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्याच बाबतीत बाजाराची काळजी संपते.

तिथे कायदा हवा. अमेरिकेत तो आहे, पण कसा ते पाहा. रेल्वेच्या डब्यांतून गुरं-डुकरं पूर्वेकडे जायची तेव्हा, १८७३ मध्ये, पहिला अठ्ठावीस तासांचा कायदा झाला आणि १९०६ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना जनावराला अन्न, पाणी, विश्रांतीसाठी न उतरवता सलग २८ तासांपेक्षा जास्त कोंडून ठेवायचं नाही, एवढाच त्याचा गाभा. कायद्यातला दंड १०० ते ५०० डॉलर. महामार्ग झाले आणि जनावरं ट्रकवर आली, तरी हा कायदा ट्रकला लागू आहे हे कृषी खात्याने जाहीरपणे मान्य केलं २००६ मध्ये! त्याच १९०६ साली मांस तपासणीचाही कायदा झाला. त्याचे निरीक्षक आज प्रत्येक मोठ्या कत्तलखान्यात रोज हजर असतात. खाणाऱ्याचा कायदा जिवंत आहे, खाल्ल्या जाणाऱ्याचा कागदावर आहे.

आणखी एक गोष्ट. २००९ पासून उठू न शकणारी गाय मानवी अन्नासाठी कापायला अमेरिकेत बंदी आहे. डुकरांना हा नियम नाही. कॅलिफोर्नियाने तो डुकरांनाही लावला, पण जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने तो रद्द केला, कारण हा अधिकार केंद्राच्या कायद्याकडे आहे. उद्योगाचं म्हणणं असं की थकून बसलेलं डुक्कर बहुधा विश्रांतीनंतर उठतं. हे खरं आहे, मी पाहिलेलं आहे. पण बसलेलं डुक्कर विकताच येणार नाही असा नियम झाला, तर ते बसू नये म्हणून शेतापासून ट्रकपर्यंत प्रत्येक जण धडपडेल. बाजाराला जे दुःख दिसत नाही त्याला किंमत लावून देणं, हेच कायद्याचं काम.

माझ्या मागण्या साध्या आहेत. उठू न शकणाऱ्या डुकराला जागीच वेदनारहित मरण द्यावं. २८ तासांची मर्यादा खूप कमी करावी आणि राज्यांतर्गत प्रवासालाही लावावी. युरोपियन कमिशनने डिसेंबर २०२३ मध्ये कत्तलीच्या प्रवासासाठी नऊ तासांचा प्रस्ताव मांडला, तो चर्चेला सुरुवात म्हणून चांगला आहे. प्रत्येक कत्तलखान्यात मेलेली आणि कोसळलेली किती डुकरं आली, हा आकडा जाहीर करावा. आणि चालकाला पैसे मिळावेत ते जनावरं कोणत्या अवस्थेत पोचली त्यावर.

"आधी माणसांचं बघा" असं कुणी म्हणेल. जरूर बघू. रात्री दोन वाजता डुकरं चढवणारा मजूर आणि कत्तलखान्यातला स्थलांतरित कामगार त्याच घाईचे बळी आहेत. एप्रिल २०२० मध्ये कोविडने कत्तलखाने बंद पडले, तेव्हा कामगार आजारी पडत होते आणि डुकरं शेतांवरच मारली जात होती. ट्रक सावकाश भरायला वेळ मिळाला तर माणसाच्या हातातली काठीही खाली येते.

"भारतात बरं आहे" असंही कुणी म्हणेल. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या आपल्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. आपल्याकडे महामार्गावर ट्रक अडवला जातो तेव्हा आत कोणतं जनावर आहे आणि चालक कोणत्या धर्माचा आहे, हे विचारलं जातं. त्या जनावराला शेवटचं पाणी कधी मिळालं, हे क्वचितच कुणी विचारतं. आणि डुकराबद्दल तर विचारायचाच प्रश्न नाही. ते आपल्या भाषेत शिवी आहे आणि ते पाळणाऱ्यांना आपण पिढ्यान्पिढ्या गावाबाहेर ठेवलं.

शाकाहारी मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही सुटला नाहीत. तुमच्या ४०१-के मधल्या इंडेक्स फंडात टायसनसारखी मांस कंपनी बहुधा आहेच. नागरिक असाल तर मत आहे, नसाल तरी काँग्रेसच्या प्रतिनिधीला पत्र लिहिता येतं. आपल्यापैकी कितीतरी जण मोठ्या कंपन्यांत काम करतात. तिथल्या कॅफेटेरियाच्या कंत्राटदाराला एकच प्रश्न विचारून पाहा: तुमचं मांस किती तासांचा प्रवास करून आलं? बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. पुन्हा विचारा. मोठ्या गिऱ्हाइकाने विचारल्यावर काय होतं ते १९९९ नंतर दिसलेलं आहे.

मी मांसातलं पाणी मोजत राहीन, ते माझं काम आहे. पण रांगेतल्या त्या ट्रकमधलं जे माझ्या वहीत आलं नाही, ते कुठेतरी लिहायला हवं होतं, म्हणून हा लेख. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा, भांडू या. पुढच्या वेळी तो ट्रक शेजारून गेला की काच वर करण्याआधी एकदा आत बघा, एवढंच.