ग्रेट इंटेलिजन्सचं बारसं

‘डॉक्टर हू’वर लव्हक्राफ्टचा प्रभाव आहे असं कुणी म्हणालं की पुढचं वाक्य मला तोंडपाठ असतं : ग्रेट इंटेलिजन्स म्हणजेच योग-सोथोथ. पुरावा विचारा. मालिकेत तो नाही. 1967 साली ‘द अ‍ॅबॉमिनेबल स्नोमेन’मध्ये ही देहहीन सत्ता पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्याबद्दल जवळजवळ काहीच सांगितलं गेलं नव्हतं, आणि म्हणूनच ती अंगावर येत होती. तिचं बारसं झालं नव्वदच्या दशकात, दूरदर्शनवरची मालिका बंद असताना निघालेल्या कादंबऱ्यांत. अँडी लेनच्या ‘ऑल-कन्झ्युमिंग फायर’मध्ये (1994) शेरलॉक होम्स आहे, हिंदुस्थानची सफर आहे, अझाथोथही आहे. जुने खलनायक एकेक करून क्थुल्हूच्या कुळात दाखल झाले. ‘द वेब प्लॅनेट’मधला अ‍ॅनिमस म्हणे लॉयगॉर, फेन्रिक म्हणे हास्टर. गोत्र-प्रवर सगळं जुळलं. भीती तेवढी गेली.

याचा दोष लव्हक्राफ्टला देता येत नाही. कुळाचार लावण्याची हौस ऑगस्ट डर्लेथची. क्थुल्हू जलतत्त्वाचा, हास्टर वायूचा अशी वाटणी त्याने केली. लव्हक्राफ्टचं भय राक्षसात नव्हतंच. विखुरलेली माहिती जुळली की विश्वातली आपली जागा कळते आणि ते सोसत नाही, हे त्याचं भय. डॉक्टरचा पिंड नेमका उलटा. त्याला कळलं की तो हरखतो. ‘इमेज ऑफ द फेंडाल’मध्ये (1977) माणसाच्या उत्क्रांतीतच कुणा परक्याचा हात निघतो, म्हणजे मसाला शंभर टक्के लव्हक्राफ्टचा, पण शेवटी डॉक्टर ती कवटी सुपरनोव्हाजवळ टाकायला निघतो. कचरा टाकावा तशी.

मला राग येतो तो आणखी एका गोष्टीचा. आपल्याकडचे वाचकही योग-सोथोथ शोधत बसतात आणि त्याच कथेतलं दुसरं नाव त्यांना खटकत नाही. ग्रेट इंटेलिजन्सने ज्याचा ताबा घेतलाय त्या तिबेटी मठातल्या, शतकानुशतकं जगलेल्या लामाचं नाव आहे पद्मसंभव. आठव्या शतकात तिबेटात बौद्ध धर्म रुजवणारे, लडाखपासून सिक्कीमपर्यंत गुरू रिन्पोछे म्हणून पूजले जाणारे आचार्य, त्यांचं नाव. ते एका झपाटलेल्या म्हाताऱ्याला लावताना कुणाचा हात अडखळला नाही. आता ‘द कॉल ऑफ क्थुल्हू’ (1928) आठवा : तिथेही चीनच्या डोंगरांत पंथाचे न मरणारे म्होरके बसलेले आहेत. मालिकेच्या लेखकांनी ते वाचलं असेल-नसेल. दूरच्या लोकांची साधना म्हणजे अघोरी शक्तीला उघडलेलं दार, ही समजूत मात्र दोन्हीकडे एकच. प्रभाव मोजायचाच तर तो इथे मोजा. पण यात विश्वकोशात भर घालायची मजा नाही ना!

आणि लव्हक्राफ्टला खरं उत्तर कुणी दिलं म्हणाल, तर रसेल टी. डेव्हिसच्या ‘मिडनाइट’ने (2008). एक बंद वाहन, मूठभर प्रवासी, बाहेर काहीतरी. ते दिसत नाही, त्याला नाव नाही. आधी ते बोललेलं परत बोलतं, मग सोबत बोलतं, मग डॉक्टरचे शब्द त्याच्याआधी बोलतं. ज्याचं सारं शस्त्र जीभ, त्याची जीभच गेली. इथे डॉक्टरला काहीही कळत नाही. आणि प्रवासी? सुशिक्षित, हसतमुख माणसं, ती या अनोळखी डॉक्टरला बाहेर फेकायला उठतात. ब्रुकलिनच्या रेड हूकमधले स्थलांतरित पाहून लव्हक्राफ्टला जी किळस वाटली, तिची त्याने भयकथा केली. डेव्हिसने ती किळसच भयाच्या जागी बसवली. डॉक्टरला वाचवते ती परिचारिका, त्या वस्तूसकट स्वतःला बाहेर झोकून देऊन. नंतर डॉक्टर तिचं नाव विचारतो, तर ते कुणालाच ठाऊक नसतं.

2025च्या ‘द वेल’मध्ये ते बिननावाचं परत आलं. अजून तरी त्याचं बारसं केलेलं नाही. कुणीतरी पाळणा बांधायला घेतलाच असेल.