रोप पाहून नव्हे, वाढलेले झाड पाहून

पहिला दमदार पाऊस झाला की रोपवाटिकांत गर्दी होते. तिथे आंबा, फणस, प्राजक्त, कडीपत्ता ही सगळीच रोपे हातभर उंचीची, सारख्याच काळ्या पिशव्यांत शेजारी शेजारी उभी असतात. निवड चुकते ती तिथेच. वीस वर्षांनी झाड केवढे होईल, याचा विचार पिशवी उचलताना क्वचितच होतो.

आंब्याचेच पाहा. हापूसच्या बागेत दोन कलमांत परंपरेने 10 मीटर अंतर ठेवतात. म्हणजे एका झाडाला साधारण 33 फूट लांब आणि तेवढीच रुंद जागा, जवळजवळ एक गुंठा. शहरात कित्येकांचे घर, पार्किंग आणि अंगण मिळून दोन गुंठ्यांत बसते. घनलागवडीत 5 मीटरवरही आंबा लावतात, पण तिथे दरवर्षी नेमाने छाटणी करावी लागते. ती होणार नसेल, तर भिंतीपासून सहा-सात फुटांवर आंबा लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या जागेत कडीपत्ता, प्राजक्त, डाळिंब सुखाने वाढतात. थोडी अधिक जागा असेल तर सीताफळ, कागदी लिंबू किंवा पेरू लावावा.

वड, पिंपळ, उंबर ही पूज्य झाडे आहेत आणि पाखरांचा मोठा आधारही. पण त्यांची मुळे भिंतीची फट आणि ड्रेनेजची वाट शोधतात. त्यांची जागा गावठाणात, देवळापाशी, मोकळ्या मैदानात. मूळचा मादागास्करचा गुलमोहर फुलला की डोळे निवतात, मात्र त्याची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. वादळी पावसात तो कोसळल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. छपराजवळ तो नकोच. फुलांसाठी झाड हवे असेल तर आपले राज्यपुष्प ताम्हण आहे, कांचन आहे.

सावलीच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. बहावा पिवळ्या घोसांनी लगडतो तो एप्रिल-मे महिन्यांत, आणि नेमका तेव्हाच तो जवळजवळ निष्पर्ण असतो. पश्चिमेची भिंत दुपारी तापते तेव्हा त्याच्या सावलीचा उपयोग थोडाच. करंज पानगळ लवकर आटोपून ऐन उन्हाळ्यात हिरवागार होतो. बकुळ तर सदाहरित. वाढ संथ, पण सावली दाट आणि सुगंध वेगळाच. घरापासून पुरेसे अंतर राखून पश्चिमेला यांपैकी एक लावावा.

मातीचेही ऐकले पाहिजे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यातले पाणी ओढणारे मोठे झाड पायाजवळ असले, तर बांधकामाला तडे जाण्याचा धोका वाढतो. कोकणच्या दमट हवेत रातांबा आणि फणस जोमाने वाढतात, म्हणून मराठवाड्याच्या कोरड्या अंगणात त्यांचा हट्ट धरू नये. तिथे सीताफळ आणि आवळा कमी पाण्यावर तग धरतात.

हे सगळे लावण्यापूर्वीच ठरवायचे, कारण नंतर माघार सोपी नाही. राज्याच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरी भागात स्वतःच्या आवारातले झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ही अट योग्यच आहे. चूक माणसाने केली आणि कुऱ्हाड झाडावर पडली, असे होता कामा नये. म्हणून रोपवाटिकेत जाण्याआधी टेप घेऊन अंगण मोजावे, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा आणि जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीची जागा कागदावर मांडावी. मग उरलेल्या जागेत एकच झाड बसत असेल, तर एकच आणावे.