आधी पोटोबा, मग टर्बो

जुन्या स्पोर्ट्‌स कारला टर्बो बसवायची सध्या लाट आहे आणि माझा तिला विरोध आहे. ‘जुनं ते सोनं’ म्हणत हात जोडणाऱ्यांतला मी नाही, हे आधीच सांगतो. गाडी ही चालवायची वस्तू आहे, देव्हाऱ्यात ठेवायची नाही. माझं भांडण वेगळं आहे. या लाटेत सगळे हवेबद्दल बोलतात आणि पेट्रोलबद्दल कुणीच बोलत नाही.

कुठलीही रील बघा. बॉनेट उघडतं, गोगलगायीच्या शंखासारखा चकचकीत टर्बो दिसतो, ॲक्सिलरेटरवरचा पाय सुटला की ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि खाली हॉर्सपॉवरचा आकडा झळकतो. पेट्रोलची टाकी दिसत नाही. पंप दिसत नाही. टाकीपासून इंजिनापर्यंत जाणारी नळी तर नाहीच नाही. साहजिक आहे, नळीला लाइक कोण देणार? पण ती गाडी पुढची पाच वर्षं धावणार की पावसाळ्याआधीच ताडपत्रीखाली जाणार, हे त्या नळीवर आणि पंपावर ठरतं.

थोडं गणित करू. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर टर्बोचं एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, इथवर सगळेच सांगतात. पण हवा काही जळत नाही, जळतं पेट्रोल. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. टर्बोने वातावरणाच्या निम्मा दाब वरून दिला, म्हणजे साधारण ७ पीएसआय बूस्ट, तर कागदोपत्री हवा दीडपट होते आणि पेट्रोलही दीडपट लागतं. प्रत्यक्षात त्याहून थोडं जास्तच, कारण बूस्ट चालू असताना मिश्रण मुद्दाम ‘रिच’ ठेवावं लागतं. ते जादा पेट्रोल आतली उष्णता शोषून घेतं. ते मिळालं नाही तर मिश्रण ‘लीन’ होतं, तापमान चढतं, ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपसूक भडकतं, इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टनला भोक पडतं. याला महिने लागत नाहीत. मोकळा रस्ता आणि काही सेकंद पुरतात.

आता हे जादा पेट्रोल येणार कुठून? साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांत इंजिनाच्या कॅमवर चालणारा डायफ्रमचा पंप असतो. त्याचा दाब चारेक पीएसआय. साध्या इंजिनाला तेवढा पुष्कळ झाला. पण टर्बोची दाबलेली हवा कार्ब्युरेटरमधून सोडली की फ्लोटच्या वाटीतही ७ पीएसआयचा दाब येतो. चारचा पंप सातच्या वाटीत पेट्रोल ढकलणार कसा? आड काठोकाठ भरलेला आणि पोहरा रिकामा, अशी गत होते. म्हणून बूस्ट वाढेल तसा पेट्रोलचा दाब वाढवणारा रेग्युलेटर लागतो, तेवढा जोर असलेला पंप लागतो, उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी वेगळी नळी लागते. इंजेक्शन बसवलं तर पेट्रोलचा दाब तीन बारच्या घरात जातो. कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या नळ्या आणि क्लिपा त्यासाठी बनलेल्याच नाहीत. शिवाय जुन्या टाकीत आडव्या भिंती नसतात. घाटातल्या वळणावर पेट्रोल एका कुशीला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडी शिल्लक असते, ती वेळ निभावते. इंजेक्शनला तशी शिल्लक नाही, त्यासाठी मधे वेगळी छोटी टाकी बसवावी लागते. किट विकणाऱ्यांच्या जाहिरातीत यातलं किती असतं, ते बघा.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं ज्ञान नाही. खुद्द कारखान्यांनी हा धडा पैसे मोजून घेतला आहे. १९६२मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्डस्मोबिल जेटफायर आणली. टर्बो घेऊन बाजारात आलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी ती एक. साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-एट इंजिन, २१५ हॉर्सपॉवर. कॉम्प्रेशन मात्र १०.२५ ठेवलेलं. टर्बोसाठी हे फारच जास्त, त्यामुळे इंजिन ठोकणार हे उघड होतं. उपाय म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉल यांचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय केली आणि त्याला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असं झकास नाव दिलं. ते संपलं की बूस्ट कमी करणारी सुरक्षाव्यवस्थाही होती. पण मालक मंडळी बाटली भरायलाच विसरायची. मग गाडी मंद, तक्रारी सुरू. शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायला सुरुवात केली. जगातल्या बलाढ्य कंपनीचा टर्बो एका रिकाम्या बाटलीपायी हरला.

याउलट बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो. १९७३च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती आली. तिच्या आधीच्या २००२ टीआयआय या गाडीत कुगेलफिशरचं यांत्रिक इंजेक्शन होतं आणि ताकद १३० हॉर्सपॉवर. टर्बो लावताना त्यांनी ते इंजेक्शन बूस्टला जुळवून घेतलं, कॉम्प्रेशन साडेनऊवरून ६.९वर उतरवलं, टाकीसुद्धा मोठी केली. मग कुठे १७० हॉर्सपॉवर आले. चाळीस हॉर्सपॉवरसाठी एवढी उस्तवार, तीही ज्यांनी इंजिन घडवलं त्यांनी केलेली. पुढच्याच महिन्यात तेलसंकट उभं राहिलं आणि १,६७२ गाड्यांवर तिचा खेळ आटोपला, तो भाग वेगळा.

कार्ब्युरेटर आणि टर्बो यांचं जमतच नाही, असंही नाही. लोटसने १९८०मध्ये एस्प्रीला टर्बो दिला तो देलॉर्टो कार्ब्युरेटरवरच, पण ते दाबाखाली चालतील असे खास सीलबंद करून घेतलेले होते. त्यातून २.२ लिटरला २१० हॉर्सपॉवर निघाले. मासेरातीने १९८१च्या डिसेंबरमध्ये बायटर्बो आणली. दोन टर्बो आणि बंद डब्यात कोंबलेला एकच वेबर कार्ब्युरेटर. त्या गाडीने तक्रारींचा असा काही डोंगर उभा केला की मासेरातीच्या नावाला लागलेला बट्टा पुढे इंजेक्शन आलं तरी लवकर धुतला गेला नाही. टर्बो दोघांकडेही होता. फरक पडला तो पेट्रोल पोचवायच्या कामात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: “आता ईसीयू आहे, वाइडबँड सेन्सर आहे, ते सगळं सांभाळून घेतात.” घेतात, मान्य. चांगल्या माणसाने बसवलेलं आधुनिक इंजेक्शन कुठल्याही जुन्या कार्ब्युरेटरपेक्षा अचूक असतं. पण मग हिशेब पूर्ण मांडा. पंप, नळ्या, रेग्युलेटर, इंजेक्टर, टाकी, वायरिंग, ईसीयू, कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन, इंटरकूलर, मोठा रेडिएटर, आणि वाढलेला वेग थांबवायला नवे ब्रेक. एवढं सगळं करणाऱ्यासमोर मी टोपी काढतो. शंभरातले किती जण करतात? बाकीचे टर्बो आधी बसवतात आणि उरलेल्या यादीला ‘फेज टू’ म्हणतात. इंजिन त्या फेज टूची वाट बघत बसत नाही.

आणि हाती काय लागतं? जुन्या स्पोर्ट्‌स कारची मजा आकड्यात कधीच नव्हती. आजची साधी टर्बो हॅचबॅक त्यातल्या कित्येकींना सिग्नलवर मागे टाकेल. मजा होती ती पायाला मिळणाऱ्या ताबडतोब उत्तरात. पाय दाबला की इंजिन बोलतं. टर्बो आधी थबकतो आणि मग एकदम उसळतो. १९७५च्या पहिल्या पोर्शे ९११ टर्बोला या सवयीमुळेच ‘विडोमेकर’, म्हणजे विधवा करणारी, असं टोपणनाव पडलं. म्हणजे जी गोष्ट गाडीत खास होती ती द्यायची आणि जी कुठल्याही शोरूममध्ये मिळते ती घ्यायची. याला मी अपग्रेड म्हणत नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो, कारण त्यांचाही माझ्यावर राग असू दे. हे शुद्धतावादी. यांना पन्नास वर्षांपूर्वीची रबरी नळीही मूळचीच हवी. त्यांना माझा प्रश्न: नळी मूळची ठेवलीत, पण तिच्यातून वाहणारं पेट्रोल कुठे मूळचं आहे?

आपल्या पंपांवर आज वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. सरकारने यासाठी २०३० साल धरलं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ केलं. ऊस गाळणाऱ्या महाराष्ट्राला यात फायदा आहे आणि त्याच्याशी माझं भांडण नाही. इथेनॉलचा ऑक्टेनही चांगला असतो. पण त्याला जळायला हवा कमी लागते, एका किलोला सुमारे नऊच किलो. त्यामुळे १४.७चं प्रमाण ई-ट्वेंटीत साडेतेराच्या आसपास येतं. शुद्ध पेट्रोलवर जेट बसवलेला कार्ब्युरेटर काहीच न करता आठेक टक्के लीन चालतो. शिवाय इथेनॉल जुनं रबर फुगवतं, मऊ करतं, त्याला चिरा पाडतं. ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते आणि कार्ब्युरेटरचं जस्ताचं ओतकाम पांढरं पडतं. चिरलेल्या नळीतून ठिबकणारं पेट्रोल आणि खाली तापलेला एक्झॉस्ट, हे शेजारी कुणालाच परवडणारे नाहीत. तुमच्या इमारतीच्या तळघरात वर राहणाऱ्यांच्याही गाड्या असतात.

कायदासुद्धा या दोन कामांत फरक करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठणकावून सांगितलं. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा लागतो. टर्बो लावलात तर या दाराला स्वतःच्या हाताने कुलूप लावलंत. झिजलेली नळी बदलणं ही मात्र देखभाल आहे. तिला बाट म्हणणारा शुद्धतावादी टायर तरी मूळचे ठेवतो का?

तेव्हा ज्या तरुण मुला-मुलींच्या हाती आजोबांची किंवा कष्टाच्या पैशांची जुनी गाडी आली आहे, त्यांना माझं सांगणं सरळ आहे. आधी टाकी उतरवून आतून साफ करा. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, आर-नाइन दर्जाच्या किंवा टेफ्लॉनच्या घाला. कार्ब्युरेटरचे डायफ्रम आणि सील बदला, जेट ई-ट्वेंटीला जुळवून घ्या. विजेचा पंप बसवलात तर इंजिन बंद पडताच किंवा धक्का बसताच तो थांबेल, असा स्विच हवाच. जुना यांत्रिक पंप इंजिनाबरोबर थांबायचा. विजेचा पंप अपघातानंतरही पेट्रोल ओतत राहतो.

एवढं झाल्यावरही टर्बोची भूक उरली, तर गॅरेजवाल्याला एकच विचारा: “फुल बूस्टवर पेट्रोलचा दाब किती राहील आणि तो तुम्ही मला गेजवर दाखवाल का?” उत्तरात आकडा आला, तर पुढे बोला. उत्तरात ‘साहेब, काही होत नाही’ आलं, तर किल्ली उचला आणि गाडी घरी आणा.