गोदेतला अमोनियाही मोजा

२०२७च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमध्ये मलजल शुद्धीकरण पुन्हा चर्चेत आहे. केंद्रे किती, क्षमता किती, खर्च किती, यावर भरपूर बोलले जाते. शुद्ध करून नदीत सोडलेल्या पाण्यात अमोनिया किती उरतो, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

मलमूत्रातला नायट्रोजन सांडपाण्यात मुख्यतः अमोनियाच्या रूपात असतो. गाळ आणि दुर्गंधी गेली तरी तो विरघळलेला राहू शकतो. गोदावरीतल्या पाणवेलींना तेच खत मिळते. माशांना तो घातक ठरतो. अशा पाण्यात क्लोरीन टाकले, तर त्याचा बराच भाग अमोनियाशी संयोग पावतो आणि जंतू मारण्याची ताकद घटते. नदीवर पाणीयोजना असलेल्या गावांसाठी हा थेट आरोग्याचा प्रश्न आहे.

निसर्गात यावर एक उपाय आहे. ‘अ‍ॅनामॉक्स’ जिवाणूंना ना प्राणवायू लागतो, ना सेंद्रिय अन्न. अमोनिया आणि नायट्राइट या असेंद्रिय द्रव्यांवर ते जगतात आणि निरुपद्रवी नायट्रोजन वायू बाहेर टाकतात. असे जिवाणू असले पाहिजेत, हे ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ एंगेलबर्ट ब्रोडा यांनी १९७७ मध्येच वर्तवले होते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे १९९०च्या दशकात ते सांडपाण्याच्या टाकीत सापडले. २००२ मध्ये रॉटरडॅमला त्यांच्यावर चालणारा पहिला मोठा प्रकल्प उभा राहिला. या पद्धतीत टाकीत हवा सोडण्यासाठी लागणारी वीज निम्म्याहून अधिक वाचते.

अर्थात, ही जादू नव्हे. हे जिवाणू दुप्पट व्हायला सुमारे ११ दिवस घेतात. रॉटरडॅमच्या टाकीत ते पुरेसे वाढायला साडेतीन वर्षे लागली. पुढच्या प्रकल्पांना तिथल्या गाळाचे विरजण मिळाले, म्हणून वेळ घटला. त्यांना उबदार, अमोनियाने भरलेले पाणी मानवते. त्यामुळे गाळ कुजवल्यावर निघणाऱ्या पाण्यावर आधी छोटा प्रयोग करणे शहाणपणाचे.

पण कोणत्याही उपचाराआधी तपासणी हवी. मलजल केंद्रांसाठीच्या केंद्र सरकारच्या २०१७च्या निकषांत नायट्रोजन नव्हताच. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याचा समावेश असलेले कडक निकष लागू करण्यास सांगितले. महापालिकेने प्रत्येक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील अमोनिया आणि एकूण नायट्रोजन दर महिन्याला जाहीर करावा. पर्वणी आटोपून भाविक परततील. शहराचे सांडपाणी रोज येतच राहणार आहे.